आप्पांचा रस्ता

मी लग्न होऊन वस्तीवर आले त्याच आठवड्यात वळवाचा मोठा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी नीट उजाडलंही नव्हतं तेवढ्यात अंगणातून कर्कश शिट्टी ऐकू आली. मी दचकून उठून बसले. मला वाटलं, कुणाचं तरी काहीतरी बरंवाईट झालं. माझा नवरा अशोक पांघरूण तोंडावर ओढून म्हणाला, "आप्पा आलेत. आता उठावंच लागणार."

बाहेर येऊन बघते तर खाकी अर्धी चड्डी, वर बंडी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला असा एक उंच, वाळका माणूस दारात उभा. गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी. लग्नात मी त्यांच्या पाया पडले होते, पण तेव्हा अंगात कोट होता, त्यामुळे ओळखायला वेळ लागला. अशोकचे चुलते, सोपानआप्पा. त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि घमेलं पुढे केलं.

"बरं झालं, एक हात वाढला. चल."

माझ्या हातात अजून हिरवा चुडा होता. सासूबाई स्वयंपाकघरातून काहीतरी पुटपुटल्या, पण आप्पांसमोर आल्या नाहीत. मी पदर खोचला आणि चिखल वाहायला गेले. माहेरी गेल्यावर आईने विचारलं, सासरी पहिल्या आठवड्यात काय काय केलं. मी सांगितलं, रस्ता साफ केला. तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

तो रस्ता म्हणजे काही सरकारी रस्ता नव्हे. कवठे येमाईच्या अलीकडे डांबरी सडक सोडली की आमच्या वस्तीपर्यंत अर्ध्या मैलाची गाडीवाट होती. वस्तीवर घरं दोनच, एक आमचं आणि त्याला लागून आप्पांचं. वाट मधे ओढ्यात उतरायची आणि परत चढायची. दोन्ही बाजूंची शेतं उंच आणि वाट खोलगट, त्यामुळे जरा मोठा पाऊस झाला की दोन्हीकडची काळी माती, पाचोळा, काटक्या, सगळं वाहून वाटेत येऊन बसायचं. काळ्या मातीचा चिखल ज्याने तुडवलाय त्यालाच माहीत. चप्पल एका जागी, पाय दुसऱ्या जागी.

तो साफ करायला हवा हे कुणीही मान्य केलं असतं. पण आप्पांना तो लगेच साफ हवा असायचा आणि त्यांच्याच पद्धतीने साफ हवा असायचा. त्यांची सगळी नोकरी दौंडला रेल्वेत गेली होती. पॉइंटमन होते, गाड्या एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घेण्याचं काम. निवृत्त होऊन वस्तीवर राहायला आले ते जणू बदली झाल्यासारखे आले. आमच्या त्या गाडीवाटेला ते 'लाईन' म्हणायचे. कुणाची बैलगाडी मधे उभी दिसली की लांबूनच, "कुणाची हाय रं? लाईन क्लिअर करा आधी." अशोक रांजणगावला नव्याच निघालेल्या एका कंपनीत लागला होता. रात्रपाळी करून तो सकाळी घरी यायचा, तेव्हा आप्पा वाटेवरच त्याला अडवायचे. "झोपायचं मग. ती बाभळीची फांद वडून जा आधी." तो बिचारा डबा बांधावर ठेवून फांदी ओढायचा.

मी शिरूरला एका दवाखान्यात नर्स म्हणून जायला लागले, तेव्हापासून आप्पा मला 'शिष्टर' म्हणू लागले. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी रोज सकाळी ती वाट तुडवून एसटी गाठायचे. पावसाळ्यात एका पिशवीत चांगली साडी आणि चपला घेऊन अनवाणी निघायचं, फाट्यावरच्या चहावाल्याकडे पाय धुवायचे. म्हणजे वाट साफ असण्याचा फायदा सगळ्यांत जास्त मलाच होता, आणि आप्पा ते दिवसातून एकदा तरी ऐकवायचे.

गंमत अशी, की इतकं करून त्यांना ते काम धड जमत नव्हतं. हे मी रागाने म्हणत नाही. एकदा त्यांच्या डोक्यात आलं की पाणी वाटेवर थांबतं म्हणून चिखल होतो. मग त्यांनी वाटेला तिरपी चर काढली. दिवसभर एकटे खणत होते. संध्याकाळी आम्हाला बोलावून दाखवली. चर आमच्या परसाच्या दिशेला उतरत होती. मी म्हटलं, "आप्पा, इथनं पाणी आमच्या मेथीत येणार."

"येत न्हाई."

"उतार तिकडंच आहे ना."

"उतार मला नगो शिकवू. हयात गेली माझी."

दोन दिवसांनी पाऊस आला. सकाळी मेथीचे वाफे नव्हतेच. होता तो एक छोटा तलाव, आणि त्यात आमचं कोंबड्यांचं खुराडं तरंगत होतं. आप्पा येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं आता तरी काही बोलतील. ते म्हणाले, "बघ, रस्ता कसा कोरडा झालाय." आणि निघून गेले. अशोकने आठ दिवस त्यांच्याशी बोलणं सोडलं. आप्पांच्या ते लक्षातही आलं नाही.

याहून मोठा घोटाळा त्यांनी घातला तो खडीच्या वेळी. अशोक दीड-दोन वर्षं तालुक्याच्या एका पुढाऱ्याच्या मागे लागला होता, की आमच्या वाटेवर खडी टाकून द्या. चहापाणी, खेटे, कुणाकुणाची ओळख, सगळं करून शेवटी ते पुढारी स्वतः वाट बघायला यायला तयार झाले. नेमकं आदल्या दिवशी आप्पांनी कुठूनतरी ट्रॉलीभर मुरूम आणून वाटेच्या तोंडाशी पसरला होता, वर पाणी मारलं होतं आणि कुणी जाऊ नये म्हणून काटेरी फांदी आडवी टाकली होती. पांढरी जीप आली, थांबली. आप्पा फांदीपलीकडे उभे.

"साहेब, आज लाईन बंद हाय. मुरूम वला हाय. चालत या."

पुढारी हसून म्हणाले, "अहो आबा, तुमच्याच रस्त्यासाठी आलोय."

"म्हनूनच म्हनतो. रस्त्याला धक्का लावू नका."

अशोक आतून पळत पळत येईपर्यंत जीप वळून गेली होती. त्या वर्षी खडी दुसऱ्या वस्तीला पडली. अशोक त्या दिवशी जेवला नाही. आप्पांना मात्र कशाचंच काही नाही. "खडी काय करायची? पायाला टोचती. मुरूम बसला की दगडावानी हुतो." तो मुरूम पुढच्या पावसात ओढ्यात गेला. त्यावरही ते म्हणाले की ओढ्याला त्याची गरज होती.

काकी, म्हणजे आप्पांची बायको, या सगळ्याकडे शांतपणे बघायच्या. त्या ठेंगण्या, गोऱ्या, आणि बोलायला अगदी मोजक्या. आप्पांचा आवाज चढला की त्या फक्त "अवो" म्हणायच्या, एवढंच. त्या 'अवो'त सगळं असायचं. आप्पा त्याला थोडेफार भ्यायचे असं मला वाटतं.

त्यांना मूल एकच, मंदा. माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी लहान. मी लग्न होऊन आले तेव्हा ती दौंडला शिकत होती आणि सुट्टीला वस्तीवर यायची. आली की माझ्याजवळच असायची. हसरी, तोंडाने फटकळ, आप्पांना तोंडावर उत्तर देणारी एकटीच. "आप्पा, रिटायर झालात तुम्ही, रेल्वेनं तुम्हाला सोडलं, आम्हाला पण सोडा," असं म्हणायची, आणि आप्पा चक्क गालात हसायचे.

पदवी झाल्यावर मंदाने मिलिंदशी रजिस्टर लग्न केलं. मिलिंद हा बाबुरावांचा मुलगा. बाबुराव दौंडला आप्पांच्याच पाळीला असायचे. रेल्वेच्या चाळीत समोरासमोर खोल्या होत्या. त्यांच्या घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता, आप्पांच्या घरात खंडोबाचा, आणि दोघांच्या डब्यांत एकमेकांच्या घरचं कालवण असायचं. काकी सांगायच्या, बाबुरावांच्या बायकोच्या हातच्या सुक्या बोंबलाशिवाय आप्पांची दिवसपाळी पुरी व्हायची नाही. पण लग्नाचं कळलं तेव्हा हेच आप्पा वाटेच्या मधोमध उभे राहिले आणि मंदाला म्हणाले, "ह्या रस्त्यानं आता परत यायचं न्हाई."

मंदाही त्यांचीच मुलगी. ती वळली आणि चालत डांबरीपर्यंत गेली. मागे बघितलं नाही.

त्यानंतर आप्पा तिचं नाव घेईनात. गावात कुणी मुद्दाम विचारलं तर ते रागावायचे नाहीत की काही बोलायचे नाहीत, उठून फावडं घ्यायचे आणि वाटेवर जायचे. कोरडा ठणठणीत उन्हाळा असला तरी जायचे. मला त्यांचा इतका संताप यायचा की एकदा मी सरळ विचारलं. सकाळची वेळ, मी निघाले होते, ते वाटेवर दाताळ्याने पाचोळा ओढत होते.

"आप्पा, बाबुरावांचं कालवण तुम्हाला चालत होतं. मग त्यांचा मुलगा का चालत नाही?"

त्यांनी दाताळं थांबवलं. "तुला कळायचं न्हाई त्ये."

"समजावून सांगा. मी थांबते."

"एष्टी जाईल तुझी, शिष्टर," ते म्हणाले आणि पुन्हा पाचोळा ओढायला लागले. एसटी खरंच गेली.

मिलिंदला पुढे रांजणगावलाच नोकरी लागली आणि दोघांनी शिरूरमध्ये घर केलं. बाजाराच्या दिवशी काकी माझ्याबरोबर शिरूरला यायच्या आणि दवाखान्यामागच्या खोलीत मंदाला भेटायच्या. आप्पांना हे माहीत होतं याबद्दल मला शंका नाही. बाजाराच्या दिवशी ते काकींना फाट्यापर्यंत सोडायला यायचे आणि पिशवी हातात देताना म्हणायचे, "उशीर झाला तरी चालंल." एवढं म्हणता येत होतं, तर पुढचं का म्हणता येत नव्हतं, हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही. बाबुराव वारले तेव्हा आप्पा दौंडला मातीला गेले. लांब उभे राहिले आणि माती झाल्यावर तसेच परत आले. काकी मला सांगताना पहिल्यांदाच चिडलेल्या दिसल्या. "येवढ्या लांब गेलं माणूस, आन् पोरीच्या तोंडाकडं बघितलं न्हाई."

असं चारेक वर्षं चाललं.

मग ती गारपीट झाली. मार्च संपत आला होता. दुपारपासून उकाडा असह्य झाला होता. मी सुट्टीवर होते. चारच्या सुमाराला उत्तरेकडून आभाळ काळं-पिवळं झालं, वारा सुटला आणि पत्र्यावर गोटे फेकल्यासारखा आवाज सुरू झाला. लिंबाएवढ्या गारा. एकमेकींशी बोललेलंही ऐकू येईना. मी आणि सासूबाई घराच्या मधल्या भिंतीला टेकून बसलो. अर्ध्या तासाने आवाज थांबला आणि मी दार उघडलं, तर समोर सगळं पांढरं. अंगण, बांध, कांद्याचं रान, सगळीकडे गारांचा थर. अशी थंडी मी आमच्याकडे कधी अनुभवली नव्हती. तोंडातून वाफ निघत होती. आणि खोलगट वाटेत तर दोन्ही रानांतल्या गारा पाण्याबरोबर वाहून येऊन साठल्या होत्या, पोटरीएवढ्या. ओढ्याच्या अलीकडची मोठी बाभूळ मुळासकट वाटेवर आडवी झाली होती.

हे बघत असतानाच आप्पांच्या अंगणातून हाक आली. शिट्टी नव्हे, हाक. "शिष्टर, जरा ये गं."

काकी गोठ्याच्या दाराशी पडल्या होत्या. वासरू ओरडतंय म्हणून गारा थांबायच्या आतच त्या बाहेर पडल्या आणि गारांवरून घसरल्या. एक पाय बाहेरच्या बाजूला वळलेला, दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता. हात लावायच्या आधीच मला कळलं की खुब्याचं हाड मोडलंय. सासूबाईंनी आणि आम्ही दोघांनी मिळून त्यांना गोधडीवर घेतलं, गोधडीसकट अलगद खाटेवर. काकींच्या ओठांवर दात रुतले होते, पण त्या ओरडल्या नाहीत.

मी म्हटलं, "दवाखान्यात न्यायलाच हवं. खाट उचलून फाट्यापर्यंत नेऊ."

"कोन नेनार? तू, मी आन् तुझी सासू? ह्या गारांवरनं?"

"शेजारच्या वस्तीवरून माणसं बोलावू."

"त्यांची घरं उडाल्यात. खाट न्हाई उचलायची. येकाचा पाय घसरला तर ती परत आपटंल. गाडी दारात आनायची."

"अहो आप्पा, गाडी कशी येणार? रस्ता बघितलात का?"

"बघितला," ते म्हणाले.

आमच्याकडे फोन घेऊन थोडेच दिवस झाले होते. नशिबाने तो चालू होता. अशोक पाळीवर, त्याला निरोप मिळायलाच तास लागला असता. दवाखान्याची गाडी बाहेर गेली होती. मग मी कुणाला न विचारता मंदाला फोन लावला. मिलिंद घरीच होता. शेजाऱ्याची जीप आणि चालक घेऊन निघतो म्हणाला.

मी बाहेर येऊन आप्पांना सांगितलं, "मंदाला फोन केलाय. मिलिंद जीप घेऊन येतोय." आणि भांडायच्या तयारीने उभी राहिले. आज यांनी काही वेडंवाकडं म्हटलं असतं तर मी काय बोलले असते सांगता येत नाही.

आप्पांनी फावडं घेतलं, कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि वाटेवर उतरले.

सासूबाई काकींजवळ बसल्या. मी पायाला फळ्यांचा आधार बांधला, दोन्ही बाजूंना उशा लावल्या, होती ती वेदनेची गोळी दिली आणि घमेलं घेऊन आप्पांच्या मागे गेले. आमच्याकडच्या माणसाला गारा ओढायची काय सवय असणार. वरून पांढऱ्या, खाली काळा राडा. फावडं मारलं की गारा घरंगळून परत जागेवर यायच्या. हात बधिर झाले. आप्पा चाकोरीपुरत्या दोन पट्ट्या मोकळ्या करत चालले होते, मधला भाग तसाच ठेवत होते. मधेच थांबून मला म्हणायचे, "तिकडं टाकू नगो, परत घसरतंय. हिकडं." बायको घरात मोडून पडलीय आणि हा माणूस मला गारा कुठे टाकायच्या ते शिकवतोय. मी दात-ओठ खात घमेली ओतत होते.

सूर्य बराच खाली आला होता तेव्हा डांबरीवर जीप थांबलेली दिसली. थोड्या वेळाने पलीकडच्या टोकालाही फावडं चालल्याचा आवाज यायला लागला. मिलिंदने फाट्यावरच्या चहावाल्याकडून फावडं मागून घेतलं होतं. बाभळीच्या फांद्यांमधून त्याचा पांढरा शर्ट खाली-वर होताना दिसत होता.

मंदा थांबली नव्हती. चपला हातात घेऊन, साडी वर खोचून ती बाभळीला वळसा घालून आली आणि आप्पांच्या समोरच उभी राहिली. धापा टाकत होती. "आप्पा," एवढंच म्हणाली.

आप्पांनी वर बघितलं. मग फावड्यानेच बांध दाखवला. "वरनं जा. मधी निसरडं हाय. आई आत हाय."

चार वर्षांनंतरचं बोलणं ते एवढंच. मंदा बांधावरून पळत गेली.

बाभळीपाशी दोघं समोरासमोर आले. अलीकडे आप्पा, पलीकडे मिलिंद, मधे ते झाड. मिलिंदच्या हाताला फोड येऊन फुटला होता, त्याने रुमाल बांधला होता. त्याने विचारलं, "आप्पा, फांद्या तोडून बुंधा ढकलायचा का?" आप्पांनी कुऱ्हाड चालवायला सुरुवात केली. मिलिंद तुटेल ती फांदी ओढून बाजूला टाकू लागला. काट्यांनी शर्ट फाटला. फक्त कुऱ्हाडीचा आवाज. मी तिथेच उभी राहून मनात म्हणत होते, बोला, काहीतरी बोला, निदान आज.

मग आप्पा म्हणाले, "पाव्हणं, ती फांद त्या अंगाला टाका. हितं गाडीला आडंल."

मिलिंद क्षणभर फांदी हातात धरून तसाच उभा राहिला. आमच्याकडे जावयाला पाव्हणं म्हणतात, आणि अहोजाहो करतात. ते त्याला माहीत होतं. त्याने फांदी सांगितल्या बाजूला टाकली. मग दोघांनी आणि जीपच्या चालकाने खांदा लावून बुंधा ओढ्यात लोटला.

दिवेलागणीला जीप अंगणात आली. इथेही आप्पांनी सोडलं नाही. जीप उलटी घ्यायला लावली, वर स्वतः मागे उभं राहून हाताने खुणा. "आजून मागं. थांबा. वाकडी झाली. परत पुढं घ्या, सरळ करा." मंदा ओरडायच्या बेतात होती. तेवढ्यात खाटेवरून काकींचा आवाज आला.

"अवो. मी मेल्यावर सरळ करा ती गाडी."

तेव्हा कुठे खाट उचलली. मागच्या सीट काढून काकींना आत सरकवलं, मंदा आणि मी बाजूला बसलो. मिलिंद म्हणाला, "आप्पा, पुढं बसा."

"मी न्हाई येत. तुम्ही व्हा म्होरं. ह्ये सगळं साफ कराय पायजे, उद्या परत गाडी येईल तवा?"

मंदाने जीपच्या कडेला डोकं टेकवलं आणि डोळे मिटून घेतले. ओढ्यापाशी ती मला म्हणाली, "वहिनी, या माणसाचं काय करायचं गं?" मी मागे वळून पाहिलं तर आप्पा अंधूक उजेडात वाकून गारा ओढत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते शिरूरला आले. काकींचं ऑपरेशन ठरलं होतं. आप्पा दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले, गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल, हाताला ठिकठिकाणी काट्यांचे ओरखडे. आत येईनात. मिलिंद त्यांना घ्यायला आला.

"चला आप्पा. घरी आंघोळ करा, दोन घास खा, मग परत येऊ."

"नगो. तुमच्या जिन्यात चिखल पडंल."

"पडू द्या. मी काढीन."

आप्पा गुडघ्यांवर हात टेकून उठले. मी खिडकीतून बघत होते.

घरी काय झालं ते मिलिंदने मला नंतर सांगितलं. भिंतीवर बाबुरावांचा फोटो होता, त्याला हार घातलेला. आंघोळ करून आप्पा बाहेर आले आणि फोटोसमोर जाऊन उभे राहिले. मिलिंद चहाचा कप घेऊन मागे थांबला होता. त्याला वाटलं, आता काहीतरी बोलतील. माफी नको होती त्याला, वडिलांबद्दल एक शब्द हवा होता. आप्पा म्हणाले, "फोटो वाकडा लागलाय." आणि दोन्ही हातांनी धरून सरळ केला, मागे सरून बघितला, परत केसभर हलवला. मग स्वतःच्या टॉवेलाने काच पुसली, आणि वळून म्हणाले, "बाबुरावला वाकडं चालत न्हवतं. माज्याशी भांडायचा." चहा घेतला आणि काकींकडे निघाले.

काकी उठून काठीने चालायला लागेपर्यंत दोन महिने ते मंदाकडेच राहिले. त्या दोन महिन्यांत मंदा निम्मी झाली. आप्पांनी जिन्यातल्या सगळ्यांच्या स्कूटर हलवायला लावल्या. खालच्या मजल्यावरच्या माणसाशी कुंड्यांवरून भांडण काढलं. दूधवाल्याला फाटकात सायकल लावू देईनात. एक दिवस मंदा दवाखान्यात आली ती कपाळाला हात लावूनच. "वहिनी, चार वर्षं बोलत नव्हते तेच बरं होतं." आणि म्हणता म्हणता तिला हसू आलं, मग रडू आलं, मग तिने नाक पुसून विचारलं की आप्पांना मऊ खिचडी चालते का, दाढ दुखतेय त्यांची.

त्या लग्नाबद्दल, त्या चार वर्षांबद्दल आप्पा कधी एका अक्षराने बोलले नाहीत. मंदाने एकदा खोदून विचारलं तर म्हणाले, "झालं त्ये झालं, आता काय उकरायचं." तिला हे पुरेसं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. मिलिंदला वाटलं का, ते मी त्याला विचारलं नाही. तो मात्र पाऊस झाला की सुट्टीच्या दिवशी वस्तीवर यायचा, कारण आप्पा फोन करून बोलवायचे. "पाव्हणं, लाईन तुंबलीया." कंपनीची आठवड्याची एक सुट्टी, ती तो आमच्या चिखलात घालवायचा आणि वरून आप्पांच्या शिव्या खायचा. फावडं धरायला येत नाही म्हणून.

पुढे काकींना वस्तीवर वावरणं झेपेना, तेव्हा दोघंही कायमचे शिरूरला गेले. मंदाला त्यावेळी मुलगी झालेली होती. मी आणि अशोक वाट साफ करायचो, पण आमच्या सोयीने, आणि कुणी बघत नाही म्हणून बरंचसं तसंच सोडून.

आप्पांना मी शेवटचं पाहिलं ते शिरूरच्या बाजाराच्या दिवशी. मी स्कूटीवरून दवाखान्यात निघाले होते. पुणे-नगर रस्त्यावर ट्रकांची ही गर्दी. पलीकडे जायला म्हणून आप्पा आणि मिलिंद रस्त्यात उतरले होते. आप्पा खूप वाळले होते, पाठीत वाकले होते, चालताना पाय ओढत होते. मिलिंदच्या एका हातात भाजीची पिशवी होती आणि दुसऱ्या हाताचं मनगट आप्पांनी घट्ट धरलं होतं, लहान मुलाचं धरावं तसं. मोकळा हात वर करून ते ट्रक थांबवत होते आणि तोंडाने मिलिंदला बोलत होते. "उजवीकडं बगा की. नुसतं नाकासमोर बगताय." केस पिकायला लागलेला तो माणूस मान खाली घालून "हो आप्पा, हो आप्पा" करत होता. त्याने मला पाहिलं आणि कसनुसा हसला.

मी स्कूटी थांबवली. "आप्पा, कसे आहात?"

त्यांनी डोळे बारीक करून बघितलं, ओळखलं, आणि मग त्यांची नजर माझ्या मागे गेली. हॉर्न वाजत होते.

"शिष्टर, मधी कशापाई थांबली? मागं गाड्या तुंबल्यात. व्हय म्होरं."

मला राग आला आणि मी पुढे गेले. वळणावर आरशात बघितलं. दोघं रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर पोहोचले होते, भाजीवाल्यांच्या गर्दीतून घराच्या दिशेने चालले होते. आप्पांनी मिलिंदचं मनगट अजून सोडलं नव्हतं.